जुनं घर थंड, नवं घर गरम? पुण्यापुरता हिशोब

एप्रिल लागला की पुण्यात हा संवाद ठरलेला असतो. एक म्हणतो, "आमच्या वाड्यात पंखासुद्धा लागत नव्हता, इथे फ्लॅटमध्ये दोन एसी लावूनही उकडतं." दुसरा म्हणतो, "आमच्याकडे सगळं फाइव्ह स्टार आहे, गच्चीवर सोलर आहे, जुन्या घरात काय होतं?" दोघांचंही अर्धं खरं आहे. घराचं वय बघून वीज किती लागेल ते कळत नाही. भिंत कशाची आहे, डोक्यावर गच्ची आहे का आणि पश्चिमेला काच किती आहे, एवढं बघितलं की बरंच कळतं.

मुळात "जुनं घर" ही एक जात नाही. कसबा, सदाशिव, नारायण पेठेतले वाडे म्हणजे दगडी जोतं, सागवानी सांगाडा, विटा आणि पांढरी माती, मध्ये चौक, वर कौलं. १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठच्या पेठांतलं असं बरंच बांधकाम गेलं. डेक्कन, प्रभात रस्ता, एरंडवण्याचे जुने बंगले आणि तीन मजली इमारती म्हणजे लोड बेअरिंगच्या, इमारतीचं वजन पेलणाऱ्या जाड भिंती, दगडाच्या नाहीतर नऊ इंची विटेच्या. त्यानंतर कोथरूड, सिंहगड रस्ता, बिबवेवाडीकडे उभ्या राहिलेल्या आरसीसी इमारतींत बाहेरची भिंत सहा इंचांवर आली आणि आतली चार इंचांवर. आता बाणेर, वाकड, हिंजवडी, खराडीच्या टॉवरमध्ये एकतर एएसी ब्लॉक म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे, नाहीतर मिवान म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली सलग काँक्रीटची भिंत. हे दोन्ही "नवीन" असलं तरी उष्णतेच्या बाबतीत एकमेकांची विरुद्ध टोकं आहेत.

भिंतीचं मोजमाप यू-मूल्यात करतात. आतल्या आणि बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून जितके वॅट उष्णता जाते, ते तिचं यू-मूल्य. आकडा जितका लहान तितकी भिंत चांगली. नेहमीच्या साहित्याची उष्णतावाहकता धरून गणित केलं तर साधारण असं येतं:

मिवान काँक्रीट, १५० ते १६० मिमी: ३.७
सहा इंची वीट, दोन्हीकडून प्लास्टर: २.५
दीड फुटी काळा दगड: २.२ ते २.३
नऊ इंची वीट, प्लास्टरसह: २.०
१५० मिमी एएसी ब्लॉक, प्लास्टरसह: १.०

दीड फुटाचा दगड उष्णता अडवण्यात नऊ इंची विटेपेक्षाही थोडा मागे आहे, आणि एएसीचा सहा इंची ब्लॉक या दोघांच्या दुप्पट चांगला. मग दगडी घर थंड का वाटतं? कारण ते उष्णता अडवत नाही, लांबवतं. दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीवर पडलेलं ऊन दीड फुटी दगडातून आत यायला दहा-बारा तास लागतात, तेही बरंच बोथट होऊन. तोवर पहाट झालेली असते आणि बाहेर एकवीस-बावीस अंश असतात. नऊ इंची विटेला सहा-सात तास लागतात. मिवानच्या भिंतीला जेमतेम चार, म्हणजे चारचं ऊन रात्री आठ-नऊला तुमच्या पलंगाच्या उशाशी पोचतं. ही तक्रार नवीन टॉवरमध्ये सर्रास ऐकू येते: दुपारी ठीक असतं, जेवण करून बेडरूममध्ये गेलं की भिंत तव्यासारखी.

या लांबवण्याचा फायदा पुण्यात मिळतो, कारण इथे एप्रिलमध्ये दुपार आणि पहाट यांत पंधरा-सोळा अंशांचा फरक असतो. रात्रीची गार हवा आत घेऊन भिंती थंड केल्या की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या पुरतात. हेच दगडी घर मुंबईत असतं तर रात्रभर गरमच राहिलं असतं. आणि पुण्यातही खिडक्या रात्री बंद ठेवल्या तर तीन-चार दिवसांच्या सलग उष्म्यानंतर दगडी घर नुसतं तापत जातं, लवकर निवत नाही.

आपली भिंत कुठली हे ओळखायचं असेल तर बिल्डरच्या माहितीपत्रकात शोधू नका. पडद्याच्या रॉडसाठी भोक पाडताना खाली काय पडतं ते बघा. लाल भुकटी म्हणजे वीट. पांढरट, पिठासारखी भुकटी आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं तर एएसी. राखाडी बारीक धूळ आणि हॅमर मोडशिवाय ड्रिल सरकतच नसेल तर काँक्रीट. मात्र एकाच भोकावरून निकाल देऊ नका, कारण एएसीच्या इमारतीतही कॉलम आणि बीम काँक्रीटचेच असतात. बाहेरच्या भिंतीला खिडकीपासून दोन-तीन फूट लांब पाडलेलं भोक खरं सांगतं.

एएसीचं एक दुखणं आहे. ब्लॉक आणि कॉलम यांच्या सांध्यावर प्लास्टरच्या आत जाळी नीट लावलेली नसेल तर तिथे उभी भेग पडते, पावसाचं पाणी आत शिरतं, आणि भिजलेला एएसी ब्लॉक उष्णता अडवण्याचं काम सोडून देतो. पुण्यात पाऊस पश्चिमेकडून मारतो, म्हणजे ज्या भिंतीला उन्हाळ्यात सर्वात जास्त गरज आहे तीच पावसाळ्यात भिजते. भेग दिसली की रंगाच्या आधी ती खरवडून लवचीक क्रॅक फिलरने भरायची, वर जाळीची पट्टी, मग बाहेरचा वॉटरप्रूफ रंग. नुसती पुट्टी मारली तर पुढच्या मेमध्ये भेग तिथेच उघडते.

काच मात्र भिंतीला मागे टाकते

आता भिंत आणि खिडकी शेजारी ठेवून बघू. पश्चिमेची १० चौरस मीटर भिंत, ऊन धरून बाहेरचं परिणामी तापमान ५० अंश, आत २६. मिवानमधून ९०० वॅटच्या जवळपास उष्णता आत येते, नऊ इंची विटेतून ४८०, एएसीतून २४०. त्याच भिंतीत ५ बाय ५ फुटांची साध्या काचेची खिडकी असेल आणि तिच्यावर संध्याकाळचं थेट ऊन पडत असेल, तर ती एकटी किलोवॅटच्या वर उष्णता आत घेते. एक टन एसी म्हणजे ३.५ किलोवॅट थंडावा. म्हणजे एका खिडकीने जवळजवळ तृतीयांश टन खाल्ला. वाड्याच्या खिडक्या लहान, खोल आणि लाकडी झडपांच्या होत्या. वाड्याच्या गारव्याचं निम्मं श्रेय जाड भिंतींना नाही, या झडपांना द्यायला हवं.

छज्जाने हे भागत नाही, निदान पश्चिमेला तरी नाही. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला छोटा छज्जाही पुरतो. पण संध्याकाळी साडेचारला सूर्य क्षितिजापासून साधारण ३३ अंशांवर असतो, आणि ६० सेंटीमीटरचा छज्जा खिडकीच्या वरच्या ४० सेंटीमीटरवरच सावली टाकतो. साडेपाचला तर वीसच. उरलेली काच उघड्यावर. दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात सोपी आणि डिसेंबरात ऊन देणारी. असं असून फ्लॅट बघताना लोक दक्षिण नको म्हणतात आणि "सनसेट व्ह्यू"ला जादा पैसे मोजतात, याला काय म्हणावं!

पश्चिमेची पंचाईत अशी की पुण्याचा संध्याकाळचा वारासुद्धा तिकडूनच येतो. खिडकी कायमची झाकली तर ऊन थांबतं आणि वाराही. त्यामुळे काचेच्या बाहेर, वर गुंडाळता येणारा पडदा हवा: बांबूची चिक, नाहीतर ७५ टक्क्यांचं शेडनेट. काच आणि चिक यांत १० ते १५ सेंटीमीटर अंतर ठेवा म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. खालचे दोन्ही कोपरे हुकाला बांधा, नाहीतर वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात ती शेजाऱ्याच्या बाल्कनीत जाईल. दुपारी एकला सोडायची, सात वाजता गुंडाळायची. सोसायटी बाहेर काही लावू देत नसेल तर बाल्कनीच्या ग्रिलच्या आतल्या बाजूने लावा, स्लायडिंगच्या बाहेर राहिली म्हणजे झालं. खोलीतला जाड पडदा ऊन डोळ्यांआड करतो, पण उष्णता तोवर काचेतून आत आलेली असते.

सनफिल्मने फरक पडतो, पण पावसाळ्यात खोली अंधारी होऊन दिवसा दिवे लागतात, आणि गडद फिल्म आतून चिकटवल्यावर डबल ग्लेझिंगची (दुहेरी) काच तापून तडकू शकते. डबल ग्लेझिंगचं म्हणाल तर साध्या पारदर्शक काचेच्या जोडीने ऊन फारसं थांबत नाही. रस्त्याचा आवाज कमी करायला घ्या, उकाड्यासाठी त्यात पैसे घालू नका.

नवीन घरांत आणखी एक गोष्ट हरवली आहे. जुनी बाहेर उघडणारी खिडकी जवळजवळ पूर्ण उघडायची, स्लायडिंग अर्धीच उघडते. त्यावर मच्छरजाळीचा ट्रॅक आला की उरलेल्या अर्ध्यातून वारा आणखी कमी. शिवाय टॉवरमध्ये मधल्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना फ्लॅट असतात, म्हणजे घराची एकच बाजू मोकळी. तिथे रात्रीचा वारा आपणहून खेळत नाही, त्याला ओढावं लागतं. नऊ इंची एक्झॉस्ट फॅन स्वयंपाकघरात असतोच. रात्री दहानंतर बेडरूमची खिडकी आणि मधली दारं उघडी ठेवून तो तास-दोन तास चालवा. सकाळी नऊच्या आत सगळ्या खिडक्या बंद. दिवसभर "हवा खेळती राहू दे" म्हणून उघड्या ठेवल्या तर ३८ अंशांची झळ आत घेऊन भिंती तापवल्यासारखंच आहे.

वरच्या मजल्याची गोष्ट

जुना असो की नवा, सर्वात वरच्या मजल्याचा फ्लॅट वेगळा मोजायचा. सहा इंची स्लॅब आणि वर चार इंची ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) मिळून यू-मूल्य २.८ च्या आसपास येतं. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राने केलेल्या इको निवास संहिता २०१८ मध्ये छतासाठी कमाल १.२ सांगितलं आहे. म्हणजे साधी गच्ची दुपटीहून जास्त उष्णता आत सोडते, आणि मेमध्ये सूर्य डोक्यावर असल्याने सर्वात जास्त ऊन तिच्यावरच पडतं.

स्वस्त उपाय पांढरा रंग. चुना दोन-तीन हात मारला तर एक उन्हाळा जातो, पावसात तो धुऊन निघतो. रूफ कोटिंग जास्त टिकतं, पण फेब्रुवारीत गच्ची घासून धुवावी लागते, कारण पुण्यातली बांधकामांची धूळ बसून पांढऱ्याचा राखाडी झाला की परिणाम उतरतो. चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, हा जुना इलाज अजूनही उत्तम आहे.

पक्का उपाय थरांचा: आधी स्लॅबचं वॉटरप्रूफिंग, त्यावर ५० मिमी एक्सपीएस म्हणजे दाट फोमची उष्णतारोधक शीट सांधे एकमेकांत अडकवून, वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड), मग उतार देऊन ५० मिमी काँक्रीट आणि पांढऱ्या टाइल्स. नुसती २५ मिमी शीट घातली तरी २.८ चं ०.८५ च्या आसपास येतं. वर काँक्रीट आलं की वजन वाढतं, म्हणून जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय हे करू नका. आणि गच्ची गळत असेल तर आधी गळती. शीटच्या वरून वॉटरप्रूफिंग केलं आणि खाली पाणी मुरलं तर कुठून मुरतंय ते कधीच सापडत नाही. खोलीच्या आतून पीओपीत थर्माकोल लपवण्याचा प्रकारही टाळा. स्लॅब तापतच राहतो, गळती दिसत नाही, आणि थर्माकोल पेट घेतो.

वर्षाचा हिशोब मांडला की

इथवर सगळं उन्हाळ्याचं झालं. पण पुण्यात एसी खरा लागतो तो अडीच महिने. दीड टनाच्या पंचतारांकित एसीच्या लेबलवर वर्षाला साधारण ७५० ते ८५० युनिट लिहिलेले असतात, आणि ते १,६०० तासांचे असतात. आपण ७५ रात्री आठ-आठ तास चालवला तर ६०० तास झाले, म्हणजे तीनशेच्या आसपास युनिट. आता पंखे बघा. ७५ वॅटचे तीन जुने पंखे, रोज दहा तास, २७० दिवस: ६०७ युनिट. एसीच्या दुप्पट. त्यांच्या जागी ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे लावले तर २४३. वाचलेले ३६४ युनिट अख्ख्या उन्हाळ्याच्या एसीपेक्षा जास्त आहेत. पंखा नेहमी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर तीनवर चालत असेल तर तो आधीच कमी वीज घेतो, तेवढी बचत कमी धरा. बीएलडीसी बसवताना जुना रेग्युलेटर बायपास करायला इलेक्ट्रिशियनला बजावून सांगा, नाहीतर पंखा गुरगुरतो आणि त्याचं सर्किट लवकर जातं.

गीझर त्याहून मोठा. २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला ०.४६ युनिट लागतं. रोज माणशी एक बादली धरली तर चौघांचं वर्षाला ६७०. जुन्या घरांत हे काम बंबाने व्हायचं, नव्यात गच्चीवरच्या सोलरने होतं, असं म्हणतात. पण टॉवरमध्ये वरून खालपर्यंत येणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपला रिटर्न लाइन (गार झालेलं पाणी परत टाकीकडे नेणारी नळी) नसेल तर ४० मीटर लांब, ४० मिमी पाइपमध्येच ५० लिटर गार पाणी अडकलेलं असतं. खालच्या मजल्यावरचा माणूस दोन बादल्या वाहू देतो आणि शेवटी गीझर लावतोच. रिटर्न लाइनचा छोटा पंप सकाळी पाच ते आठ टायमरवर लावला आणि पाइपवर नायट्राइल रबराचं आवरण असलं की हे थांबतं.

महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत. वाचलेलं युनिट नेहमी सर्वात महागड्या टप्प्यातून कमी होतं, म्हणून बचत मोजताना सरासरी दर धरू नका. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. फेब्रुवारीचा आकडा पाया धरा, कारण तेव्हा ना एसी ना जास्त गीझर. मेमधून तो वजा केला की घराचा उन्हाळा कळतो, डिसेंबरमधून वजा केला की गरम पाणी. दोन घरांची तुलना करायची तर ती या वजाबाकीची करा, एकूण बिलाची नको.

आणि नवीन घराचं बिल दोन ठिकाणी येतं. दुसरं मेंटेनन्समध्ये लपलेलं असतं. मोठ्या प्रकल्पात सांडपाणी प्रक्रिया केंद्र असतं. त्याचा ५ एचपीचा एक ब्लोअर दिवसाला वीस तास चालला तर ७० युनिट, म्हणजे १०० फ्लॅटांत महिन्याला घरटी २१. बेसमेंटमधले २० वॅटचे शंभर दिवे चोवीस तास चालू राहिले तर आणखी १४. पंपाचा आकडा लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. चौघांचं महिन्याचं १६ हजार लिटर पाणी ६० मीटर चढवायला सहा युनिट, चार मजल्यांना अडीच. जुन्या इमारतीत गळका फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या नळीच्या तळाची झडप) आणि सकाळी ओव्हरफ्लो होणारी टाकी तेवढीच वीज वाया घालवतात. ओव्हरफ्लोवर, टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच हा इलाज. बेसमेंटला मोशन सेन्सर लावा, पण तीनांतला एक दिवा कायम चालू ठेवा.

जुन्या घरात एसी घेताना मात्र आधी वायरिंग बघा. एसीला मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपियरचा एमसीबी, खरीखुरी अर्थिंग आणि वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवा. जुनी ॲल्युमिनियमची वायर सांध्याशी सैल होऊन तापते, तिथली वीज उष्णता होऊन जाते आणि धोका वेगळाच. मंजूर भारही वाढवून घ्यावा लागेल. लाकडी खिडक्यांच्या फटींना रबरी पट्टी लावली नाही तर एसी गल्ली थंड करत बसेल. खरं तर अशा घरात एप्रिल-मेपुरता वाळ्याचा कूलर पुरतो. हवा कोरडी असते आणि तो २०० वॅटच्या आत भागवतो. जूनमध्ये तो बंदच करायचा, तेव्हा तो फक्त दमटपणा वाढवतो.

एका बाबतीत चार मजली जुनी इमारत टॉवरला सहज हरवते, ती म्हणजे गच्ची. एक किलोवॅट सौर पॅनेलला साधारण १०० चौरस फूट लागतात आणि सरासरी दिवसाला चार युनिट मिळतात. गच्चीत २,००० फूट मोकळे असतील तर २० किलोवॅट, रोज ८० युनिट. सोळा फ्लॅटांत घरटी रोज पाच. तेवढ्याच गच्चीच्या बावीस मजली, ८८ फ्लॅटांच्या टॉवरमध्ये घरटी एक युनिटसुद्धा नाही.

पण ती सोळा फ्लॅटांची सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल तर पॅनेल आणि गच्चीच्या थरांवर खर्च करू नका. पंखे आणि एसी काढून नेता येतात, तेवढंच घ्या. त्याऐवजी विकासकाशी करारनामा होतो तेव्हा तपशिलांच्या जोडपत्रात या गोष्टी लिहून घ्या: बाहेरची भिंत कशाची आणि किती मिमी, मिवान असेल तर पश्चिमेला उष्णतारोधक थर, गच्चीवर ५० मिमी एक्सपीएस, बेडरूमच्या खिडक्या स्लायडिंगऐवजी बाहेर उघडणाऱ्या, पश्चिमेला बाहेरून चिक लावायला हुक आणि परवानगीसकट, आणि सोलरच्या गरम पाण्याला रिटर्न लाइन. "प्रीमियम स्पेसिफिकेशन्स" एवढंच लिहिलं असेल तर त्यात नळ आणि टाइल्सच येतात.